इंजिन बांधताना तेल कुठे लावायचं आणि कुठे थेंबसुद्धा नको

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि किल्ली मारली. माझी ९७ सालची मारुती आठशे, कार्बोरेटरवाली, इंजिन मी स्वतः घरी बांधलेलं, तिसऱ्या सेल्फला सुरू झालं आणि अख्खी फॅमिली टाळ्या वाजवतेय. फक्त डॅशवरचा तो लाल दिवा, तेलाच्या कुपीचं चित्र असलेला, काही विझेना. म्हटलं येईल प्रेशर, नवीन इंजिन आहे, वेळ लागतो. दहा-बारा सेकंद गेले असतील, मग घाबरून बंद केलं, परत सुरू केलं तेव्हा कुठे विझला. मीही विसरून गेलो. पंधरा दिवसांनी पारसिकच्या चढाला खालून बारीक टक टक ऐकू यायला लागली तेव्हा पोटात गोळा आला.

चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उघडलं तर बेअरिंगच्या वाट्यांवर आडव्या रेघा, आणि दोन वाट्यांचा वरचा राखाडी थर जाऊन खालचा तांब्याचा रंग दिसतोय. चूक शंभर टक्के माझीच होती. इंजिन बांधलं मे महिन्यात, बांधताना सगळीकडे साधं इंजिन ऑइल लावलं, आणि मग पेंटचं काम रखडलं म्हणून ते इंजिन अख्खा पावसाळा कळव्याच्या आमच्या पार्किंगमध्ये तसंच पडून. पाच महिन्यांत तेल गेलं ओघळून खाली, पंप कोरडा, आणि मी साहेब मुहूर्त गाठायला डायरेक्ट किल्ली मारून मोकळा. त्यानंतर अजून दोन इंजिनं बांधली, एक माझंच परत आणि एक मेव्हण्याचं, त्यातून जे कळलं ते लिहितोय. उदाहरणं आठशेची देतोय कारण तेच इंजिन माझ्या हाताखालून गेलंय, पण तत्त्व सगळीकडे तेच.

आधी हे समजून घ्या की चालत्या इंजिनात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य शाफ्ट) बेअरिंगला टेकत नाही. फिरता फिरता तो तेल स्वतःखाली ओढून घेतो आणि त्या तेलाच्या थरावर तरंगतो. छोट्या इंजिनात ही फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते, डोक्यावरचा केस त्याच्यापेक्षा जाड. पण हे तरंगणं पंपाचं तेल तिथे पोचल्यावरचं. पंप आधी चेंबरमधून तेल खेचणार, मग रिकामा फिल्टर भरणार, मग ब्लॉकच्या गॅलरीतून (आतल्या तेलाच्या वाटा) क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगला, तिथून क्रँकच्या आतल्या भोकातून बिग एंडला (पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं टोक), आणि वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम-रॉकरला सगळ्यात शेवटी. तोपर्यंत इंजिन जगतं ते तुम्ही हाताने जे लावलंय त्याच्यावर. म्हणून लावायचं ते टिकायला हवं, आणि जिथे लावायचं नाही तिथे खरंच लावायचं नाही, हे दुसरं लोक विसरतात.

आमच्या खारेगावात एक काका आहेत, आयुष्यभर पद्मिनी टॅक्सीची इंजिनं बांधली. त्यांना मी विचारलं, काका तुम्ही असेंब्ली ल्यूब कुठलं वापरायचात, तर हसले. म्हणाले, "अरे बाबा, आमच्या वेळी कसलं ल्यूब, वीस-पन्नास ग्रेडचं इंजिन ऑइल ओतायचो आणि संध्याकाळी गाडी स्टँडवर. तू पाच महिने झोपवून ठेवलंस आणि आता तेलाला नावं ठेवतोस?" बरोबर होतं त्यांचं. बांधून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सुरू करणार असाल तर चांगलं इंजिन ऑइल पुरतं. पण आपल्यासारखे हौशी लोक शनिवार-रविवार काम करणार, एक पॅकिंग मिळालं नाही म्हणून पंधरा दिवस थांबणार, त्यांनी असेंब्ली ल्यूबच घ्यावं. ते मधासारखं चिकट असतं, उभ्या भिंतीवरून ओघळत नाही आणि इंजिन गरम झालं की तेलात विरघळून जातं. ऑनलाइन मिळतं, आठशेला १०० मिलीची बाटली पुरून उरली मला.

ग्रीस नको. गॅरेजात चेसिसचं किंवा चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस हाताशी असतं म्हणून कोणीतरी सुचवतंच, पण ते तेलात नीट विरघळत नाही, गोळे होऊन फिल्टरमध्ये नाहीतर गॅलरीच्या वळणावर बसतं. बाकी सामान म्हणजे कॅमसाठी मोलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट, ती काळी-करडी असते, साधं मिनरल इंजिन ऑइल एक कॅन, मेडिकलमधलं साधं व्हॅसलीन (सुगंधी नको, हसू नका, पंपासाठी आहे), तेलाची कुपी, जुन्या सुती चादरीची धुतलेली फडकी आणि मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या. कॉटन वेस्ट अजिबात नको, त्याचे धागे सुटतात आणि सरळ पंपाच्या तोंडच्या स्ट्रेनरच्या जाळीत जाऊन बसतात.

आता तेल लावण्याआधीची गोष्ट, जी मला विचाराल तर तेलापेक्षा मोठी आहे. वागळे इस्टेटला ब्लॉक बोअर आणि होनिंगला (सिलिंडरची भिंत दगडाने घासून बारीक रेघा पाडणं) दिला, क्रँक ग्राइंडिंगला दिला, तीन दिवसांनी सगळं चकचकीत होऊन परत आलं आणि कारागिराने सांगितलं धुवून दिलंय, डायरेक्ट बांधा. विश्वास ठेवू नका, कारागीर कितीही चांगला असू दे. होनिंगच्या दगडाची बारीक पूड त्या आडव्या-तिडव्या रेघांमध्ये अडकलेली असते आणि रॉकेल किंवा पेट्रोलने पुसली तर ती निघत नाही, अजून आत बसते. त्याला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विडच पाहिजे, आणि ब्रश. मी बाथरूममध्ये धुतला ब्लॉक, त्यावरून घरात जे झालं ते इथे नको. धुऊन झाला की पांढऱ्या फडक्याला थोडं तेल लावून बोअरमधून फिरवा. फडकं करडं आलं तर परत धुवा. माझ्या वेळी चौथ्या धुण्याला फडकं पांढरं निघालं.

आणि धुतल्या धुतल्या पुसून, हवा मारून, लगेच बोअरला तेलाचा हात. लगेच म्हणजे चहा प्यायला जायचं नाही. ठाण्याच्या जुलैच्या हवेत, त्यात आमच्यासारखं खाडीच्या कडेला, उघड्या बीडावर बघता बघता नारिंगी झाक येते. मी फोन घ्यायला वर गेलो, खाली आलो तर दोन नंबरचा बोअर गंजायला लागलेला, परत घासणं आलं. कॉम्प्रेसरने हवा मारणार असाल तर आधी त्याच्या टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी काढून टाका, पावसाळ्यात टाकीत इतकं पाणी साठतं की हवेबरोबर फवारा येतो आणि तुम्ही सुकवलेल्या गॅलरीत तुम्हीच पाणी भरता. क्रँकच्या तेलाच्या भोकांमधून बारीक ब्रश आरपार घाला, ग्राइंडिंगचा चुरा तिथे हमखास असतो, मग हवा. काम थांबवलं की ब्लॉकवर प्लास्टिकची पिशवी, दर वेळी.

बेअरिंगची फट मोजायची ती कोरडी. प्लास्टिगेजचा तो मेणासारखा धागा जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ठेवून कॅप (बेअरिंगचं झाकण) टाइट करायची, क्रँक फिरवायचा नाही, परत उघडून चपटी झालेली रुंदी पट्टीशी जुळवायची. यात तेल असलं तर माप चुकतं. मोजून झालं की तो धागा पूर्ण पुसून काढा, मग तेलाचं काम.

मेन बेअरिंगपासून सुरुवात. आठशेला तीन सिलिंडर म्हणजे चार मेन. वाटीची मागची बाजू आणि ती जिथे बसते ती ब्लॉकमधली खाच, दोन्ही कोरडी, स्वच्छ पुसलेली, बोटाचा ठसापण नको. इथे बरेच जण आतून-बाहेरून तेल फासतात, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. वाटी ब्लॉकमध्ये दाबून घट्ट बसलेली असते, तिची उष्णता मागून ब्लॉकमध्ये जायची असते, मागे तेल राहिलं की त्यात कचरा चिकटतो, उष्णता नीट जात नाही आणि आधीच केसाएवढी नसलेली फट अजून बिघडते. वरच्या वाटीचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का ते डोळ्याने बघा, दिसत नसेल तर टॉर्च मारा. भोक चुकलं तर वरून कितीही ल्यूब ओता, काही उपयोग नाही.

मग वाटीच्या आतल्या बाजूला असेंब्ली ल्यूब. किती? पोळीला तूप लावतो तितकं, पुरणपोळीवर ओततो तितकं नाही. बोटाने काठापर्यंत पसरवा, पातळ एकसारखा थर, कुठे कोरडा पट्टा नको. बोट म्हणजे धुतलेलं बोट, किंवा ग्लोव्ह घाला. जर्नललाही हलका हात. क्रँक दोघांनी मिळून सरळ खाली ठेवा, एका बाजूने आपटू नका. क्रँकचं पुढे-मागे सरकणं थोपवणाऱ्या थ्रस्टच्या अर्धचंद्राच्या चकत्यांना खाचा असतात, त्या खाचांची बाजू क्रँककडे, आणि त्या बाजूला भरपूर ल्यूब. या चकत्या खाली घसरतात म्हणून मागे किंचित ग्रीस लावून चिकटवायची जुनी पद्धत आहे, एवढंसं टिकलीएवढं असेल तर चालतं, ग्रीसला इंजिनात आतमध्ये मी दिलेली ही एकच परवानगी.

एक एक कॅप बसवा, टाइट करा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. ल्यूबमुळे जरा जड, गुळगुळीत, अडकल्याशिवाय फिरणं, म्हणजे लोण्यात सुरी फिरते तसं. कुठल्या कॅपनंतर अडकायला लागला ते लगेच कळतं, चारही टाइट करून मग शोधत बसायला लागत नाही. मागच्या मोठ्या ऑइल सीलच्या ओठाला, जिथे शाफ्ट घासतो तिथे, तेलाचा किंवा ल्यूबचा हात द्या, कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळून कडक होतं आणि मग गळती जन्मभर.

आता पिस्टन आणि रिंगा, इथे उलटं आहे. मला वाटायचं सगळ्यात जास्त घासतात त्या रिंगा, मग त्यांनाच सगळ्यात चिकट ल्यूब पाहिजे. नाही. नवीन रिंगेला नवीन बोअरवर थोडं घासायलाच हवं, तो होनिंगचा खरखरीतपणा त्यासाठीच सोडलेला असतो, रिंगेचा काठ आणि भिंत एकमेकांना जुळेपर्यंत. ल्यूब किंवा मोली लावलं तर रिंग नुसती घसरत राहते, बसत नाही, आणि इंजिन पुढे तेल पीत राहतं, निळा धूर. रिंगा आणि बोअरला फक्त साधं मिनरल इंजिन ऑइल, तेसुद्धा पातळ. मी रिंगांवर कुपीतून चार थेंब टाकतो, रिंगा खाचेत फिरवून घेतो म्हणजे तेल आत जातं, स्कर्टला बोटाने हात देतो, बोअरला तेलात भिजवून पिळलेलं फडकं फिरवतो. बस. काही लोक पिस्टन तेलाच्या डब्यात बुडवून काढतात, त्यानेही इंजिन मरत नाही, पण पहिल्या स्टार्टला सोसायटीत धूर फवारणीची गाडी आल्यासारखं वाटतं आणि प्लग ओले होतात ते वेगळंच.

पिस्टनच्या पिनला मात्र ल्यूब, दोन्ही बाजूच्या भोकात, कारण तिथे पंपाचं तेल प्रेशरने येत नाही, उडालेल्या शिंतोड्यांवर ती पिन जगते. रिंगांची तोंडं एकमेकांपासून लांब फिरवा, रिंगा दाबून धरणाऱ्या रिंग कॉम्प्रेसरच्या पट्ट्याला आतून तेलाचा हात द्या, आणि रॉडच्या बोल्टांवर जुन्या पेट्रोल पाइपचे तुकडे चढवा म्हणजे खाली सरकताना क्रँकला ओरखडा येणार नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, एखादी रिंग बाहेर आलीय, काढा आणि परत घाला. मेव्हण्याने एकदा "जरासं अजून" म्हणत ठोकलं आणि तेलाची बारीक रिंग मोडली, तेव्हापासून दांडा माझ्याकडे असतो.

बिग एंडच्या वाट्या मेनसारख्याच, मागे कोरड्या, आत ल्यूब.

बोल्टांबद्दल थोडं थांबून वाचा. टॉर्क रेंच जे दाखवतो त्यातला मोठा भाग आटे आणि बोल्टाच्या डोक्याखालचं घर्षण खातं, बोल्ट ताणायला साधारण दहावा हिस्साच जातो. म्हणजे घर्षण थोडं जरी कमी-जास्त झालं तरी ताण खूप बदलतो. पुस्तकात आकडा तेल लावलेल्या आट्यांसाठी दिलाय का कोरड्यांसाठी ते बघा आणि तसंच करा. कोरड्याचा आकडा तेलकट बोल्टाला लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो, कधीकधी तुटतो. उलटं केलं तर ढिला राहतो आणि रेंच मात्र क्लिक करून तुम्हाला शाबासकी देतो. मोलीची पेस्ट बोल्टाला लावणं म्हणजे तिसराच प्रकार, पुस्तकात लिहिलं नसेल तर नको. तेल लावायचं असेल तेव्हा आट्यांना दोन थेंब आणि डोक्याखाली एक थेंब.

ब्लॉकमध्ये जी बंद भोकं असतात, तळ असलेली, हेड बोल्टची वगैरे, त्यात तेल साचू देऊ नका. तेल दाबलं जात नाही, बोल्ट खाली आला की ते जायला जागा नाही, मग एक तर खोटा टॉर्क दाखवतो नाहीतर ब्लॉकला चीर जाते. फडक्याची वात करून भोकातलं तेल-पाणी टिपून घ्या, हवा मारताना डोळ्यांवर चष्मा घाला.

ऑइल पंप. माझी दसऱ्याची भानगड झाली ती इथे. पंपाच्या आतले रोटर कोरडे असले की ते तेल खेचत नाहीत, नुसती हवा ढवळत बसतात, कारण फटीतून हवा परत मागे निसटते. म्हणून पंप उघडून रोटरच्या मधल्या सगळ्या पोकळ्या व्हॅसलीनने गच्च भरायच्या, श्रीखंडाच्या वाटीला चमच्याने सपाट करतो तसं वरून सपाट, मग झाकण. व्हॅसलीन हवेला जागा ठेवत नाही, पंप पहिल्या फेरीपासून ओढतो, आणि तेल कोमट झालं की वितळून त्यात मिसळून जातं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं थट्टा करतायत. पंप त्याच दिवशी फिरणार असेल तर तेल ओतूनही चालेल, पण पडून राहणार असेल तर तेल गळून जातं, व्हॅसलीन तिथेच राहतं.

स्ट्रेनरची जाळी बसवताना तिचं पॅकिंग किंवा रबराची रिंग नवीन टाका आणि रिंगेला तेल लावा, तिथून हवा ओढली तर बाकी सगळी मेहनत वाया. चेंबरला सिलिकॉन लावताना बारीक दोरी एवढीच लावा. बाहेर जेवढं फुगून येतं तेवढंच आत पण फुगतं, ते सुटून तेलात पडतं आणि जाळीवर जाऊन चिकटतं. दोन्ही पत्र्यांवरचं तेल आधी पुसा, तेलावर सिलिकॉन धरत नाही.

हेड. व्हॉल्व्हच्या दांडीला ल्यूब लावून गाइडमध्ये घाला आणि दोन-चार वेळा फिरवून वर-खाली करा. स्टेम सीलच्या ओठाला तेल, आणि सील चढवण्याआधी दांडीच्या टोकाच्या खाचांवर प्लास्टिकची टोपी किंवा टेप गुंडाळा, त्या खाचांची धार नवीन सील फाडते आणि मग महिन्याभराने तुम्ही विचारता सकाळी सकाळी धूर का येतो. कॅमच्या गोल जर्नलना असेंब्ली ल्यूब, आणि कॅमच्या नाकांना, जिथे रॉकर घासतो तिथे मोलीची पेस्ट, बोटाने चोळून. तिथे बेअरिंगसारखं तरंगणं नाही, स्प्रिंगच्या पूर्ण दाबाखाली धातूवर धातू घसरतो, आणि तेल पोचतं सगळ्यात उशिरा. रॉकरच्या शाफ्टला, ॲडजस्टिंग स्क्रूच्या टोकाला, व्हॉल्व्हच्या शेंडीला, सगळीकडे हात.

पद्मिनीचा विषय निघाला की काका यावरच बोलतात. त्या १०८९ सीसीच्या इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्याच्यावर सपाट तळाचे टॅपेट, वर पुशरॉड. अशा इंजिनात नवीन कॅम टाकला तर सुरू झाल्या झाल्या आयडलवर सोडायचं नसतं, दीड ते अडीच हजार आरपीएमवर वीस-एक मिनिटं कमी-जास्त करत चालवायचं, कारण कॅमवर तेल उडतं ते क्रँकच्या फिरण्याने, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. जिंक असलेलं तेलही पाहिजे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ ला रस्त्यावरून गेली, त्या आठवड्यात काका कोणाशी धड बोलले नाहीत. पण हौसेने ठेवलेल्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडर अजून आहेत, त्या बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हेड गॅस्केटच्या दोन्ही बाजू, ब्लॉकचा आणि हेडचा पृष्ठभाग, कोरडे ठणठणीत. बोअरला लावलेलं तेल वर काठावर आलेलं असतं, ते बसवण्याआधी शेवटचं पुसा. टायमिंग बेल्टला तेलाचा हातसुद्धा नको, लावलेल्या हाताने धरलात तरी पुसून घ्या. आणि फ्लायव्हीलचा तोंडाचा भाग, गंज नको म्हणून त्याला आपण तेल लावून ठेवलेलं असतं, ते थिनरने काढल्याशिवाय क्लच प्लेट चढवू नका, नाहीतर गिअरबॉक्स परत खाली. यात मी अडकलो नाही, मेव्हणा अडकला.

सगळं बसलं, तेल भरलं, आता प्राइमिंग, म्हणजे सुरू करण्याआधीच सगळीकडे तेल पोचवणं. किल्ली मारायची घाई इथेच नडते. फिल्टरचं तोंड वर येत असेल तर आधी पाऊण भरून मग बसवा, आडवा बसत असेल तर अर्धाच भरा, रबराला तेल लावा. मी जे करतो ते सांगतो. झाडांना पाणी मारायचा हाताने हवा भरायचा प्लास्टिकचा स्प्रे पंप मिळतो ना, नर्सरीत, दोन लिटरचा, तो नवीन आणला, त्यात एक लिटर इंजिन ऑइल, नोझल काढून तिथे पाइप, आणि पाइपचं दुसरं टोक ऑइल प्रेशर स्विचच्या भोकात, स्विच काढून. त्या भोकाच्या आट्याचं निप्पल हार्डवेअरवाल्याकडे स्विच घेऊन गेलं की जुळवून देतो. मग पंपात हवा भरत राहायची आणि दुसऱ्याने पुलीच्या बोल्टवर पाना लावून क्रँक सावकाश फिरवायचा, इंजिन फिरतं त्याच दिशेने, प्लग काढलेले, म्हणजे सगळी भोकं एकदा तरी समोरासमोर येतात.

व्हॉल्व्ह कव्हर उघडं ठेवून मी वर टॉर्च धरून बसलो होतो. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही, नुसता कुठेतरी खाली गुळगुळ आवाज. मग रॉकर शाफ्टच्या एका भोकातून बुडबुडा फुटला, फट्, आणि मागोमाग तेलाचा एक जाड थेंब फुगून रॉकरवरून खाली ओघळला, मग शेजारच्यातून, मग सगळ्यात टोकाच्या रॉकरमधून. टोकाच्या रॉकरला तेल आलं म्हणजे सगळीकडे आलं. मेव्हणा पाना टाकून बघायला आला, आम्ही दोघं लहान मुलांसारखे बघत बसलो होतो, वॉचमनकाका पण येऊन उभे.

हा जुगाड करायचा नसेल तर सेल्फने करा. प्लग तिन्ही काढा म्हणजे कॉम्प्रेशन नाही, बेअरिंगवर भार नाही. कॉइलची वायर काढा, पेट्रोलचा पाइप काढून तोंड बंद करा (इंजेक्शनची गाडी असेल तर पंपाचा फ्यूज), आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा नाहीतर सेल्फ मोटर जळेल. तेलाचा दिवा विझेपर्यंत. विझला की अजून दोनदा. पाच-सहा वेळा मारूनही विझत नसेल तर थांबा, पंपाने ओढलेलं नाही, नुसतं फिरवत बसलात तर लावलेलं ल्यूब पुसून जातं. चेंबरमध्ये तेल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत आहे ना, फिल्टर बरोबर आहे ना, ते बघा, मग प्रेशर स्विचच्या भोकातून कुपीने तेल आत ढकला आणि परत प्रयत्न करा.

मग प्लग, वायरी, पेट्रोल, आणि खरी किल्ली. आता दिवा दोन-तीन सेकंदात विझायला हवा, नाही विझला तर लगेच बंद, मुहूर्त गेला उडत. सुरू झाल्यावर दीड-दोन हजारावर ठेवा, खाली वाकून गळती बघा, टेंपरेचर बघा. पहिली काही मिनिटं धूर येतोच, बोअरमधलं आणि बाहेर सांडलेलं तेल जळतं, शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. रिंगा बसायला भार लागतो, आयडलवर तासभर घुरघुरवत ठेवून त्या बसत नाहीत. मी सकाळी साडेपाचला ठाणे-बेलापूर रोडला काढतो, ऐरोली, रबाळे, महापे करत तुर्भ्यापर्यंत, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या ॲक्सिलरेटरने वेग वाढवायचा, पाय काढून गिअरमध्येच उतरू द्यायचा, परत वाढवायचा. एकाच स्पीडला धरून ठेवायचं नाही. घोडबंदरला ऑफिस टायमाला नेऊ नका, गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये नवीन इंजिन नुसतं तापत उभं राहतं. सिंथेटिक तेल पहिल्या हजार किलोमीटरला नको, साधं मिनरल वीस-चाळीस बरं.

पहिलं तेल आणि फिल्टर मी ५० ते १०० किलोमीटरला काढतो, दुसरं हजाराला. पहिलं तेल करडं-काळं निघेल, मोली आणि ल्यूब मिसळल्यामुळे, घाबरू नका. फिल्टर पत्र्याच्या बाजूने कापून आतला कागद उलगडा, पांढऱ्या ताटात पसरवून उन्हात धरा. बारीक चंदेरी चमक असेल तर ती रिंगा-बोअरची, पहिल्या वेळी असतेच. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर गाडी तिथेच ठेवा आणि चेंबर खोला.